पाण्याआधी पोचणारं उत्तर

३ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. साष्टांग वगैरे तुला चालत नाही, म्हणून नुसताच.

हे पत्र मी बाबांच्या सांगण्यावरून लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. "माझ्या बहिणीला विचार, तिचं सबंध आयुष्य त्या भाषेत गेलंय," असं ते रोज जेवताना ऐकवतात. तू घरचा फोन काढून टाकलास, ई-मेलला हात लावत नाहीस, त्यामुळे मला पोस्टाच्या रांगेत उभं राहावं लागलं. रांगेत माझ्याखेरीज सगळे पेन्शनवाले होते.

नदी खात्यात मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलंय. खोली तळघरात आहे. खिडकी आहे, पण ती समोरच्या भिंतीकडे बघते. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की पाणी तुमच्या खालच्या गावात पोचायला सहा तास लागतात. कुठल्या गल्लीत किती पाणी चढेल हे सांगणारा प्रोग्रॅम खात्याकडे आहे, आणि तो चालायला नऊ तास लागतात! म्हणजे आम्ही लोकांना बजावायला जातो तेव्हा लोक भिजून वाळायला लागलेले असतात. मोठ्या साहेबांना हेच उत्तर तासाभरात हवंय, आणि तेही पावसाळ्याआधी. जमलं तर मी कायम, नाही तर घरी.

मला वाटलं, दोन आठवड्यांत उडवून टाकू. मग फाईल उघडली तर फोर्ट्रान. बाबांपेक्षा वयाने मोठी भाषा! जिथे तिथे तुटक नावं, प्रत्येक ओळीच्या डोक्यावर सहा रकाने मोकळे, आणि पहिल्याच ओळीत सूचना: "समजत नसेल तर हात लावू नये." खाली तुझी आद्याक्षरं. तेव्हा हा तुझाच प्रताप आहे तर.

एकच सांग. एक भागिले दोन केलं तर तुझी ही लाडकी भाषा शून्य उत्तर देते. चौथीतल्या पोराला जे येतं ते हिला येत नाही का?

तुझा भाचा


११ फेब्रुवारी

पंडिता,

आशीर्वाद तूर्तास राखून ठेवते. तुझं पत्र वाचल्यावर द्यावासा वाटला नाही.

एक आणि दोन हे पूर्णांक आहेत. तू तिला पूर्णांक दिलेस, तिने पूर्णांकात उत्तर दिलं. अर्धा हवा होता तर १.० आणि २.० लिहायचं, म्हणजे अपूर्णांक चालतो हे तिला कळतं. चौथीतल्या पोराला तुझ्या मनात काय आहे ते ओळखता येतं. यंत्राला येत नाही, आणि येऊही नये. आणखी एक, आय ते एन या अक्षरांपासून सुरू होणारी नावं ती आपण होऊन पूर्णांक धरते. म्हणून प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला "इम्प्लिसिट नन", म्हणजे "आपण होऊन काही धरू नकोस", असं लिही आणि प्रत्येक नावाची जात आधी सांग. माझ्या काळी आम्ही हे लिहीत नव्हतो, कारण आम्हाला ते पाठ होतं. तुला आठ दिवस आधीचं पाठ राहत नाही, तेव्हा तू लिही.

फोन मी काढला तो तुझ्यासारख्यांमुळेच. फोनवर माणूस विचार करायच्या आधी विचारतो. पत्रात निदान पाकीट चिकटवेपर्यंत वेळ मिळतो. तेव्हा माझ्याकडून शिकायचं तर अट एकच. प्रोग्रॅमचा जो भाग कळत नाही तो हाताने कागदावर उतरवायचा आणि स्वतः यंत्र होऊन, एकेक ओळ पुढे सरकत, प्रत्येक नावाखाली त्याची किंमत लिहीत जायचं. आम्ही सगळे असंच शिकलो. तुमच्या पिढीला बटण दाबून काय होतंय ते बघायची खोड आहे, जसं काही माकडाच्या हातात रेडिओ दिलाय.

आत्या


४ मार्च

आत्या,

माकडाने तुझं म्हणणं ऐकलं. तीन वह्या भरल्या. हात दुखतोय, आणि शेजारच्या टेबलावरचा तो कायम कडक इस्त्रीतला सहकारी मला "कारकून" म्हणायला लागलाय.

पण कबूल करतो, सबरुटीन म्हणजे काय, अ‍ॅरे (म्हणजे आकड्यांचा तक्ता) कसा जाहीर करायचा, तेच काम फिरून फिरून करणारा लूप कुठे सुरू होऊन कुठे संपतो, हे आता झोपेत विचारलंस तरी सांगेन. नदीचे तू चौकोन पाडलेस, प्रत्येक चौकोनात पाण्याची खोली ठेवलीस, आणि थोड्या थोड्या वेळाने शेजारच्या चौकोनांकडे बघून ती बदलत नेलीस. कल्पना वाईट नाही. लिखाण मात्र गचाळ. म्हणून मी आधी साफसफाई केली. तुझे लूप उलटे होते: चौकोनाच्या पत्त्याचे आकडे दोन, पहिला आडव्या ओळीचा, दुसरा उभ्या स्तंभाचा, आणि त्यांतला आधी दुसरा धावायचा, त्याच्या पोटात पहिला. मी ते माणसासारखे सरळ लावले, आडव्या ओळीने, डावीकडून उजवीकडे.

आणि प्रोग्रॅम नऊ तासांचा वीस तासांवर गेला. उत्तर तेच, एका आकड्याचाही फरक नाही, पण वेळ दुपटीहून जास्त! साहेबांनी नुसतं "हं" म्हटलं. ते "हं" तू ऐकायला हवं होतंस. यात चूक कुणाची, तुझी की यंत्राची?

भाचा


१२ मार्च

साफसफाई खात्याच्या प्रमुखास,

चूक तुझीच. आणि ती करणारा तू पहिला नव्हेस, माझ्या हाताखाली असे सात-आठ येऊन गेले. सगळे स्वतःला माझ्यापेक्षा नीटनेटके समजत.

फोर्ट्रान अ‍ॅरे साठवते तो उभ्या रांगांनी. पहिला उभा स्तंभ सगळा, मग दुसरा सगळा. पहिला आकडा आतल्या लूपमध्ये धावला की यंत्र कपाटाच्या एकाच खणातून एकामागून एक वस्तू काढतं. तू त्याला दर वस्तूसाठी वेगळं कपाट उघडायला लावलंस. ते बिचारं वीस तास कपाटं उघडत-लावत बसलं आणि तू त्याला सरळ म्हणतोस. लूप होते तसे ठेव.

सोबत चार पानं आहेत. दहाच तुकड्यांची एक छोटी नदी मी घेतली आणि हाताने सोडवली. तीन दिवस लागले. डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, पण बेरीज अजून चुकत नाही. जे काही नवीन करशील ते आधी या नदीवर चालवून बघ. माझं उत्तर आलं नाही तर तुझं चूक.

इथे खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने आत्ताच टुमणं लावलंय, "बाई, यंदा पाणी येणार का? मशीन कधी वर चढवू?" जड लोखंडी मशीन आहेत, चौघं लागतात उचलायला. तुमचं खातं दर वर्षी बजावतं ते पाणी येऊन गेल्यावर तरी, नाही तर न येणाऱ्या पाण्यासाठी तरी. गेल्या वर्षी त्याने मशीन चढवली, गिऱ्हाइकं परत गेली, आणि पाणी पायरीलासुद्धा लागलं नाही. मी त्याला म्हटलं, खात्यात सगळे गाढव भरलेत. तो म्हणाला, "पण बाई, तुम्ही पण त्याच खात्यात होता ना?" शिंप्याला एवढी अक्कल कशाला हवी?

आत्या


७ एप्रिल

आत्या,

लूप उलटे, म्हणजे तुझ्या मते सुलटे, केले. परत नऊ तास. तुझी दहा तुकड्यांची नदी चालवली, शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली. पानाच्या कोपऱ्यात तू खोडलेली एकही बेरीज नाही. इस्त्रीवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "हे बाईंनी हाताने केलं?" आणि दिवसभर कारकून म्हणाला नाही.

आता खरं काम. साहेबांनी नवं यंत्र आणलंय. त्याला सोळा डोकी आहेत, म्हणजे सोळा जण एकाच वेळी आकडेमोड करू शकतात. नदीचे तुकडे त्यांच्यात वाटून द्यायचे, प्रत्येकाने आपला भाग सोडवायचा. समांतर कोड म्हणतात याला. लूपच्या डोक्यावर एक सूचना लिहिली की कंपायलर, म्हणजे आपलं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, वाटणी करून देतो. मी लिहिली. नऊ तासांचं काम चाळीस मिनिटांत झालं, आत्या! मी खुर्चीवरून उठून तळघरात एक फेरी मारली.

फक्त एक विचारायचंय. तोच प्रोग्रॅम, तेच आकडे, आणि दर वेळी उत्तर जरासं वेगळं येतं. फार नाही, बोटभर पाण्याचा फरक. तुझ्या छोट्या नदीवर मात्र कधीच येत नाही. असं का होत असेल? तू इतकी वर्षं हेच केलंस, तुझ्या बघण्यात आलं असेल.

भाचा


१६ एप्रिल

सोळा डोक्यांच्या रावणास (त्याला निदान दहाच होती),

प्रश्न विचारायलाही लायकी लागते. तोच प्रोग्रॅम, तेच आकडे, तर तेच उत्तर. इतक्या वर्षांत एकाही यंत्राने मला त्याच प्रश्नाला दोन उत्तरं दिली नाहीत. उत्तर बदलतं तेव्हा माणूस बदललेला असतो, त्याने काहीतरी चुकून टंकलेलं असतं आणि मग तो यंत्राच्या नावाने बोंबलतो. तुझ्या हाताखालच्या सोळा जणांपैकी तू कितवा, ते आधी शोध.

एका पातेल्यात सोळा जणांनी डाव घातला तर जे व्हायचं तेच होतंय. एकाला नीट ढवळता येत नसेल तर सोळा बोलवायचे, ही तुमच्या पिढीची हुशारी. असले प्रश्न मला पुन्हा पाठवू नकोस. कागद दात कोरायला होतो, एवढाच त्यांचा उपयोग.

आत्या


२० मे

आत्या,

थोडक्यात लिहितो, गडबड आहे. काल साहेबांसमोर प्रोग्रॅम चालवला. चाळीस मिनिटं. साहेबांनी टाळी वाजवली, ते "हं" सोडून दुसरं काही करतात हे खात्याला कालच कळलं. पहिल्या तारखेपासून मी कायम. इस्त्रीवाल्याचा चेहरा पहिल्यांदाच चुरगळलेला पाहिला.

उत्तराच्या फरकाचं म्हणशील तर ते मिटलंय.

बाबा खूश आहेत. तूही असशील असं धरून चालतो.

भाचा


२९ मे

पंडिता,

चाळीस मिनिटं बरी आहेत. माझ्या नऊ तासांच्या मानाने बरी आहेत.

फरक कसा मिटवलास ते लिहायची गरज नाही. मला त्यात रस नाही.

यंदाचं बजावणं तुझ्या प्रोग्रॅमवरून होणार, असं शिंप्याला कुठूनतरी कळलंय. गल्लीभर सांगत फिरतो, "आमच्या बाईंच्या भाच्याचं." मी त्याला गप्प बस म्हटलं. तो बसला नाही.

कायम झालास, तेव्हा तो राखून ठेवलेला आशीर्वाद आता दिला असं समज.

आत्या


१९ ऑगस्ट

आत्या,

तुमच्या भागातलं पोस्ट आजपासून सुरू झालं म्हणतात. हे पत्र तुला मिळेल की नाही, माहीत नाही. बाबांना एवढंच कळलंय की तू वरच्या मजल्यावर सुखरूप आहेस. बाकी काहीच कळत नाही. रस्ता उघडला की बाबा निघतील. मी त्यांच्याबरोबर यावं की नाही, मला कळत नाही.

मी सांगितलं होतं पाणी तुमच्या गल्लीत तिसऱ्या पायरीपर्यंत येईल. आलं खालच्या मजल्याच्या खिडकीच्या वर. सगळे धरणवाल्यांना शिव्या देताहेत, त्यांनी दरवाजे जास्त उघडले म्हणून. त्यांनी जेवढे सांगितले तेवढेच उघडले. चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे, आणि ती मला एप्रिलपासून दिसत होती.

ती काय होती ते आता कळलंय. ओढ्यानाल्यांतून नदीला मिळणारं पाणी मी एका ठिकाणी जमवत होतो. एक पाटी आहे असं धर, तिच्यावर एकूण आकडा. सोळा जण आपापलं पाणी मोजून पाटीपाशी येतात, आधीचा आकडा वाचतात, त्यात आपला मिळवतात, नवा लिहितात. पण दोघं एकाच क्षणी आले तर दोघंही जुनाच आकडा वाचतात. एक लिहितो, दुसरा त्याच्यावरच लिहितो. पहिल्याचं पाणी गेलं. नदीत आहे, पाटीवर नाही. म्हणून दर वेळी उत्तर वेगळं, कोण कुणाला कधी धडकेल त्याचा नेम नाही. तुझी नदी इतकी छोटी की तिच्यात कुणी कुणाच्या वाटेत आलंच नाही. आणि पाणी फक्त हरवतं, वाढत कधीच नाही. कोरड्या दिवसांच्या आकड्यांवर फरक बोटभर होता. पुराच्या दिवशी ओढेच दुथडी भरलेले, मग हरवणारंही तेवढंच.

आणि मी तो मिटवला कसा, तर दहा वेळा चालवून सरासरी काढली. दहा चुकांची सरासरी! तीच साहेबांना दाखवली, आणि पुराच्या दिवशी दहा वेळा चालवायला वेळ नव्हता म्हणून एकदाच चालवून आलेलं उत्तर खात्याच्या लाउडस्पीकरच्या गाडीला दिलं.

मला ठाऊक होतं की हे बरोबर नाही. पुन्हा तुला लिहायला दोनदा बसलो. मग तुझं उत्तर काय येईल ते डोळ्यांसमोर आलं आणि कागद टाकून दिला. हे तुझ्यावर ढकलत नाही. साहेबांसमोर बोलायची हिंमत मला नव्हती, ती तुझ्यामुळे नव्हे. पण तुझ्या हसण्याची मला पाण्यापेक्षा जास्त भीती वाटली, हे खरं आहे, आणि ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

परवा साहेबांना सगळं सांगितलं. पहिल्या तारखेपासून माझं टेबल रिकामं. प्रोग्रॅम दुरुस्त करून ठेवला, वेळ चाळीस मिनिटांवरून पंचेचाळीस झाला. पाच मिनिटांचा प्रश्न होता, आत्या.

तू घर का सोडलं नाहीस? दर वर्षी तू खात्याचं बजावणं ऐकायचीच नाहीस, दोन पायऱ्या पाणी चढलं की सरळ वरच्या रस्त्यावरच्या शाळेत जाऊन बसायचीस. यंदा का गेली नाहीस?

भाचा


२७ ऑगस्ट

पंडिता,

पत्र मिळालं. ओलं होतं, पण वाचता आलं.

का गेले नाही, ते ऐक. लाउडस्पीकरची गाडी गल्लीत आली आणि तिसरी पायरी म्हणाली. शिंपी धावत वर आला, "बाई, मशीन चढवू का? चौघं जण आणतो." मी त्याला म्हटलं, "काही गरज नाही. यंदाचा हिशेब माझ्या भाच्याचा आहे." असंच म्हटलं. खात्यावर, साहेबांवर, त्या गाडीवर मी आयुष्यात विश्वास ठेवला नाही. तुझ्यावर ठेवला. माझ्या दहा तुकड्यांच्या नदीला तुझं उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळलं होतं, ते पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. पाणी तिसरी पायरी ओलांडून चौथीवर आलं तेव्हाही मी त्याला जिन्यावरून ओरडून सांगत होते की आता थांबेल.

मग त्याला, त्याच्या बायकोला आणि म्हाताऱ्या सासऱ्याला मी वर ओढून घेतलं. मशीन राहिली. चारही. दोन दिवस पाण्याखाली होती. शिंपी मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. सध्या तो माझ्या पुढच्या खोलीत बसून एकेक सुटा भाग रॉकेलने पुसतो आणि मी शेजारी बसून स्क्रू ओळीने लावून ठेवते. दोन मशीन चालतील म्हणतो. इतकी वर्षं मी त्याच्याशी जिन्यावरून खालीच बोलत आले, शेजारी बसायची ही पहिली वेळ.

आता दुसरं. एप्रिलमध्ये तू विचारलंस की उत्तर दर वेळी वेगळं का येतं. मी तुला रावण म्हटलं. मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. माझ्या सगळ्या यंत्रांना एकच डोकं होतं, ती तेच विचारल्यावर तेच सांगायची, आणि त्या एका गोष्टीच्या जोरावर मी जन्मभर लोकांना मूर्ख ठरवत आले. तुझ्या पत्रात पहिल्यांदा असं काहीतरी आलं जे मला येत नव्हतं. "माहीत नाही" हे दोन शब्द लिहायला मला लाज वाटली म्हणून मी पानभर शहाणपणा लिहिला. फरक मिटला म्हणालास तेव्हा कसा ते विचारावं असं फार वाटलं. विचारलं तर मला ते येत नाही हे उघडं पडेल, म्हणून रस नाही असं लिहिलं.

बाबांबरोबर तू ये. काय चुकलं ते शिंप्याला तुझ्या तोंडून कळू दे. मी सांगायचा प्रयत्न केला, पण मला नीट सांगता आलं नाही, कारण पाटीचं ते मी चार वेळा वाचलं आणि निम्मंच कळलं. दोघांनी एकाच क्षणी जुना आकडा वाचला, इथवर समजलं. मग तू ते दुरुस्त कसं केलंस? प्रत्येकाला वेगळी पाटी दिलीस का? दिलीस तर शेवटी त्या सोळा पाट्यांची बेरीज कोण करतं, आणि तो चुकत नाही कशावरून?

मला हे येत नाही. शिकव. प्रश्न मूर्खासारखा वाटला तर तसं लिही, मी वाचेन.

आत्या